बोट दाखवणाऱ्याचा वाटा

माणूस प्रवासाला निघतो तो काही पाहायला, आणि परततो तेव्हा काहीतरी घेऊन येतो. पाहणे आणि आणणे यांची आपण इतकी घट्ट गाठ मारून ठेवली आहे की ही दोन वेगळी कामे आहेत, हेच विसरून जातो. हजहून आलेला माणूस झमझम आणि खजूर आणतो. दुबईहून आलेला अत्तर आणि सुका मेवा आणतो. मालवणात आलेला पुण्या-मुंबईचा पर्यटक काजू, कोकम आणि मालवणी खाजे घेऊन जातो. यात कुणाचे काही बिघडत नाही, उलट दोन माणसांचे पोट भरते. पण आणायची वस्तू जिवंत असेल, तिच्या जागेवरून उचलली की तिचे जगणे आपल्या हाती येणार असेल, आणि ती उचलायला एक माणूस नव्हे, तर दहा जणांचा गट निघणार असेल, तर त्या गटाला काय म्हणावे?

हा प्रश्न हवेतला नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या तरुणांत काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा शौक चांगलाच रुजला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी मासा पाहिला तो जाळ्यात किंवा कालवणात, त्यांच्या नातवंडांच्या दिवाणखान्यात आज निळ्या दिव्याखाली मासे फिरतात. आखातात नोकरी करून आलेल्या काहींच्या खिशात पैसे आहेत, पासपोर्टची सवय आहे. त्यांच्यातल्या काहींनी बेत आखला की आठ-दहा जणांनी मिळून परदेशात जावे, एखाद्या उष्ण प्रदेशातल्या नदीत किंवा प्रवाळाच्या समुद्रात स्वतः उतरावे, स्वतःच्या हाताने मासे धरावेत आणि परवाने काढून घरी आणावेत. बेत सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. आम्हाला ती चमक आवडली. कुतूहल नसलेल्या माणसापेक्षा मासे पाहायला समुद्र ओलांडणारा माणूस केव्हाही बरा. पण त्यांनी आम्हाला विचारले, ‘यात गैर काही नाही ना?’ आणि या पाच शब्दांचे उत्तर आम्हाला पाच शब्दांत देता आले नाही.

अशा सहली जगात निघतात. ब्राझीलमध्ये मानाऊसपासून सुमारे 400 किलोमीटर वर, रिओ नेग्रो नदीच्या काठी बार्सेलोस नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या काळ्या पाण्यात कार्डिनल टेट्रा हा दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा, निळ्या-लाल पट्ट्याचा मासा मिळतो. जगभरचे शौकीन गटाने तिथे जातात, बोटीवर राहतात, पाण्यात बुडालेल्या जंगलात उतरतात. शौकिनांत असा प्रवास म्हणजे जवळजवळ जियारतच मानली जाते.

आता मासे पाळावेत की नाही, या मुद्द्यावर आम्ही फार वेळ घालवणार नाही, कारण त्याचा निकाल जुना आहे. अबू उमैर नावाच्या लहान मुलाने एक छोटा पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाची लाडाने विचारपूस केली, पक्षी का पाळलास म्हणून रागावले नाहीत. त्यावरून फुकहांनी म्हटले की नीट काळजी घेतली तर पाळायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूला मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली आहे. तिसरी एक हदीस तितकी सांगितली जात नाही. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलून आणली. ती पंख फडफडवीत डोक्यावर घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी विचारले, हिला कुणी दुखवले, आणि पिले परत ठेवायला लावली. लक्षात घ्या, तोही एक गट होता, तीही एक सफर होती, आणि पिले उचलणाऱ्यांच्या मनात क्रौर्य नसावे, कौतुकच असावे.

समुद्राची शिकार तर कुरआनने एहरामच्या अवस्थेतही हलाल ठेवली आहे. ‘मग झाले तर!’ असे आमचा एक तरुण मित्र म्हणालाच. आम्ही त्याला म्हटले, थांब. ती मोकळीक अन्नाची आणि मुसाफिरांच्या शिदोरीची आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या दालद्यांचे आणि गाबितांचे सारे आयुष्य तिच्यावर उभे आहे. शोभेसाठी धरलेला मासा हराम आहे, असे आम्ही म्हणत नाही, तो अधिकारही आमचा नाही. एवढेच म्हणतो, की हलाल म्हटल्याने हिशेब संपत नाही. कोंबडीही हलालच आहे, तरी तिच्यापुढे सुरीला धार लावू नये, असे आपल्याला शिकवलेले आहे.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते सांगणारी हदीस अबू कतादा यांची आहे. हुदैबियाच्या वर्षीची गोष्ट. बरोबरचे लोक एहराममध्ये होते, अबू कतादा नव्हते. एक रानगाढव दिसले. अबू कतादा घोड्यावर बसले, घाईत चाबूक खाली राहिला. त्यांनी सोबत्यांना तो उचलून द्यायला सांगितले. सोबत्यांनी नकार दिला. एक चाबूक उचलून द्यायचा, एवढीच गोष्ट होती, पण दिली नाही. ते स्वतः उतरले, चाबूक घेतला, शिकार केली. मांस सर्वांनी खाल्ले, मग मनात शंका आली, आणि ती प्रेषितांपुढे गेली. प्रेषितांनी उलट विचारले, तुमच्यापैकी कुणी त्याला शिकार करायला सांगितले होते का, त्या जनावराकडे इशारा केला होता का? नाही, असे उत्तर आले, तेव्हा उरलेले मांस खाण्याची परवानगी मिळाली.

हा नियम जमिनीवरच्या शिकारीचा आणि एहरामचा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. मासे धरायच्या सहलीला तो जसाच्या तसा लागू करण्याची लबाडी आम्ही करणार नाही. पण त्या विचारपूशीत माणसाच्या जबाबदारीचे मोजमाप किती बारीक केले आहे, ते पाहावे. शिकार करणारा एक. त्याला चाबूक देणारा दुसरा. नुसते बोट दाखवणारा तिसरा. तिघेही हिशेबात धरलेले आहेत. आपण मात्र आज नेमके उलटे करतो. सहल आखणारा म्हणतो, मी फक्त तिकिटे काढली. परवाना काढणारा म्हणतो, मी फक्त कागद केले. तिथला वाटाड्या म्हणतो, त्यांनी मागितले म्हणून जागा दाखवली. जाळी धरणारा म्हणतो, मी दोनच घेतले. दहा जणांनी दोन-दोन घेतले की वीस होतात, हे गणित पहिलीच्या पोराला येते, पण त्या वीसचा मालक कुणी नसतो. गटात पाप वाटून घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला ते इतके थोडे येते, की कुणालाच जाणवत नाही. आमचा खरा आक्षेप मासे धरण्याला नाही, या विरघळून जाण्याला आहे.

आणि ज्या किनाऱ्यावर हा बेत आखला जात होता, तिथे गटाने समुद्रातून काही घेण्याची दुसरी एक रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ती म्हणजे रापण. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळे सोडत जाते आणि दोन्ही टोकांना किनाऱ्यावरची माणसे दोर ओढत राहतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, सारे ठरलेले. सहज येऊन दोराला हात लावणाऱ्यालाही मूठभर मासळी मिळते. रापणीचे कौतुक करताना डोळे मिटून घेऊ नयेत, तिच्यातही बारीक मासळी येते आणि वाट्यांवरून भांडणेही होतात. पण रापणीत एक गोष्ट पक्की असते. ज्याने दोराला हात लावला, त्याला वाटा आहे, आणि जाळे रिकामे आले तर त्या रिकामपणातही वाटा आहे. पुढच्या वर्षी मासळी आली नाही, तर हीच माणसे याच वाळूवर उपाशी बसणार आहेत. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध याच पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आणि 2016 साली राज्य सरकारला त्या जाळ्यांवर निर्बंध आणावे लागले, ते या दुखण्यातूनच. परदेशात मासे धरायला गेलेल्या गटाला असा रिकामा वाटा कधी येतो का? तो विमानात बसून निघून आलेला असतो.

मासा पकडल्यापासून टाकीत पडेपर्यंत काय घडते, ते शौकिनांना माहीत असते, पण बेत सांगताना ते सांगितले जात नाही. पाण्यात घाण होऊ नये म्हणून आधी मासे एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. मग थोडे पाणी आणि जास्त ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे डबे, विमानतळ, कागदपत्रे. वाटेत काही मरतात. घरी आल्यावर नव्या पाण्यात आणखी काही. समुद्री माशांचे प्रकरण तर अधिक कडू आहे. टाकीतले गोड्या पाण्याचे बहुतेक मासे तलावांत पैदास केलेले असतात, पण समुद्री मासे बहुतांशी आजही रानातले म्हणजे समुद्रातलेच असतात. प्रवाळाच्या खाचेतला मासा गुंगावा म्हणून सायनाईड फवारायची पद्धत 1960 च्या दशकात फिलिपाईन्समध्ये सुरू झाली. त्यात मासा गुंगतो आणि आजूबाजूचे प्रवाळ मरते. 2003 साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घराघरांत पोचलेला क्लाऊनफिश घ्या. एका समुद्रफुलाच्या आश्रयाला त्यांचे छोटे कुटुंब असते. सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, मग लहान. मादी नाहीशी झाली तर तो नरच मादी होतो आणि खालचा एक जण नराची जागा घेतो. म्हणजे आपण उचलला एक मासा, पण मोडले सगळे घर. पशुपक्ष्यांना कुरआनने तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. समुद्रफुलातले ते बिऱ्हाड पाहिले की त्या शब्दाचा अर्थ नव्याने कळतो.

कायद्याचा भाग थोडक्यात आटपतो. आपल्या देशात 2001 पासून समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले. मालवणच्या पाण्यातला समुद्रघोडा टाकीसाठी उचलणे हा गुन्हा आहे. बाहेरून जिवंत मासे आणायचे तर आयातीचा परवाना आधी काढावा लागतो आणि मासे विलग ठेवून तपासावे लागतात. बॅगेत दडवून आणणारे विमानतळावर पकडले जातात, त्यांच्याविषयी बोलायचे कारण नाही. आमचा प्रश्न सगळे कागद चोख असणाऱ्या सज्जन गटाविषयी आहे.

आता त्यांच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा. तो आम्हाला त्या तरुणांपैकी एकानेच सांगितला आणि आम्ही काही वेळ गप्प झालो. बार्सेलोसच्या परिसरातली हजारो माणसे पिढ्यान् पिढ्या या चिमुकल्या माशांवर जगली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस निंग लाबिश चाओ या मत्स्यशास्त्रज्ञाने तिथे ‘प्रोजेक्ट पियाबा’ सुरू केला. त्यांचे म्हणणे असे, की पाणी ओसरते तेव्हा यातले असंख्य मासे एरवीही मरतात. ते हाताच्या जाळीने धरून विकले तर जंगल तोडण्यापेक्षा, खाणीत जाण्यापेक्षा कोळ्याला नदीच राखावीशी वाटेल. मासा विकत घ्या, झाड वाचेल, असा त्यांचा साधा हिशेब. पुढे हाच मासा दुसऱ्या देशांत तलावांत वाढू लागला तसा बार्सेलोसचा धंदा खालावला. म्हणजे ‘रानातला मासा घेऊ नका, पैदास केलेला घ्या’ हा आपला सोज्वळ सल्ला तिथल्या कोळ्याच्या ताटातली भाकरी काढून घेतो.

हे उत्तर खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. पण त्यातला कर्ता कोण आहे, तेही पाहावे लागेल. तिथे मासा धरणारा तिथलाच कोळी आहे. नदी आटली तर तोच आटणार. त्याच्याकडून मासा घेणारा प्रवासी आणि त्याच्या नदीत स्वतः उतरून, स्वतःच्या जाळीने धरून, ‘मी पकडला’ म्हणून फोटो काढणारा प्रवासी, हे दोघे एक नव्हेत. पहिल्याने वाटा दिला, दुसऱ्याने वाटा घेतला. शिवाय नियम देशाचा नसतो, पाण्याचा असतो. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, ‘मिस केरळ’ नावाने ओळखला जाणारा लाल-काळ्या पट्ट्याचा मासा परदेशी बाजाराने असा उचलला, की आज तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. तिथेही पकडणारे गरीबच होते, तिथेही कुणी तरी बोट दाखवले होते.

हा आरसा आपल्याकडे फिरवून पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्यातच, आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे. 2020 साली त्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची जात शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली. शिस्टुरा हिरण्यकेशी असे तिचे नाव ठेवले. 2021 मध्ये राज्य सरकारने तिथली 2.11 हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा जागेचा एवढासा मासा! समजा, उद्या जर्मनीहून किंवा जपानहून दहा सज्जन शौकिनांचा गट आला आणि म्हणाला, आम्ही दोन-दोनच नेऊ, फार प्रेमाने वाढवू, तर आपण काय म्हणू? तिथे कुणा सिंधुदुर्गवासीयाने, मग तो हिंदू असो की मुसलमान, ‘या, ही जागा’ म्हणून बोट दाखवावे, असे आपल्याला वाटेल का? वाटणार नसेल, तर आपल्या बेतातल्या त्या परक्या नदीचेही एखादे आंबोली असेलच.

आणि हा मासा इतकी वर्षे टिकला, त्याचे थोडे श्रेय देवस्थानालाही द्यावे लागेल, असे आम्हाला वाटते. रायगड जिल्ह्यात सावित्री नदीवर वाळण कोंडला देवाचे मासे म्हणून मोठमोठे महसीर कुणी धरत नाहीत. तिकडे बांगलादेशात चितगावच्या बायझीद बोस्तामींच्या दर्ग्याच्या तळ्यात एक काळे कासव राहते. ते बाहेर कुठेही उरलेले नाही, असे जगाने एके काळी धरले होते. दर्ग्याच्या तळ्यात ते होते, आणि आसामातल्या मंदिरांच्या तळ्यांतही सापडले. धर्माच्या नावाने माणसांनी एकमेकांचे काय केले, ते आपण जाणतोच. पण तळ्यातल्या मुक्या जीवाला ‘हा इथला आहे’ म्हणून हात न लावण्याची अदब दोन्हीकडच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या भाविकांनी पाळली. आपले कोकणी मुसलमान शाफई आहेत. शाफई फुकहांनी हरमची माती आणि खडे बाहेर नेऊ नयेत, असे सांगितले आहे. झमझमला मात्र मोकळीक. आम्हाला हा भेद फार मोलाचा वाटतो. झमझम वाहते, ते येणाऱ्याला दिलेलेच आहे. खडा त्या जागेचा आहे. हाजी लाखांनी येतात, म्हणून तर खड्याचा नियम.

मालवणात हा नियम आपण किती पाळतो? 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसराचा गाभा धरून 29 चौरस किलोमीटरचे. आपल्याला न विचारता आपल्या समुद्रावर रेघ ओढली, म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला, तो समजण्यासारखा होता. पुढे स्नॉर्केलिंग आले, स्कूबा आले, आणि त्याच पाण्याने पोरांना रोजगार दिला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकायचा, दम लागला की पर्यटकाने प्रवाळावर पाय टेकायचा, हेही गटाचेच काम. पाय कुणाचा, ते कुणी विचारत नाही. समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी या पाण्यातही झाल्या आहेत. अशा आजारी जीवावर आपण पाय देतो. त्या मानाने वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तो प्रकार आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. माणसे येतात, पाहतात, पैसे देतात, जातात. खाडी तिथेच राहते, आणि त्या बायकाही.

टाकीच्या शेवटाविषयी कुणी बोलत नाही. मासा वाढतो, टाकी पुरत नाही, बदली होते, शौक ओसरतो. मग दयाळू माणूस काय करतो? ‘बिचाऱ्याला मोकळे केले’ म्हणून जवळच्या पाण्यात सोडतो आणि सवाब मिळाला, असे समजतो. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम दिसला. तो बहुधा शौकिनांच्या टाक्यांतूनच गेला. आज सगळ्या कॅरिबियन समुद्रात तो तिथली लहान मासळी फस्त करतो आहे. आपल्याकडे टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात पोचला आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. अंगावर काटेरी खवले, बाजारात भाव नाही, जाळे फाटते ते वेगळेच.

तेव्हा त्या तरुणांना आम्ही ‘जाऊ नका’ असे सांगितले नाही. जा, पाहा, पाण्यात डोके घाला, तिथल्या कोळ्याच्या घरी जेवा, त्याला मजुरी द्या, असे सांगितले. टाकीसाठी मासे हवेतच, तर ऐरोलीला क्लाऊनफिशची पैदास करायला शिकवतात आणि कांदळवन विभागाच्या 2017 च्या योजनेत शोभिवंत मत्स्यपालनही आहे. ते शिका, इथल्या दोन बायकांना शिकवा. आणि तरीही आणायचेच असेल, तर सहलीच्या वहीत तिकीट, जेवण, बोट यांच्या खर्चाशेजारी आणखी एक पान ठेवा. किती धरले, पिशवीत किती मेले, विमानतळावर किती, घरी पहिल्या महिन्यात किती. आणि त्या पानाखाली प्रत्येकाने आपल्या दोन माशांपुरती नव्हे, तर पूर्ण आकड्याखाली सही करायची, बेत आखणाऱ्याने सर्वांत आधी.

बाकीच्या सगळ्या अटी त्यांनी हसत मान्य केल्या. या पानावरून मात्र त्यांच्यात वाद लागला आहे. एकाचे म्हणणे, ज्याचे मासे मेले त्यानेच त्यांची नोंद करावी. दुसरा म्हणतो, पिशव्या एकत्रच बांधणार, तर कुणाचा कुठला मेला, हे ठरवणार कोण?